पाना आमच्याही हातात : एका जुन्या बुलेटच्या निमित्ताने

गेले आठ महिने आम्ही पाच जण मनमाडमध्ये एक जुनी बुलेट खोलून बसलो होतो. आमच्यात दोघे पदवीधर आहेत, एक आयटीआय झालेला आहे आणि दोन मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. रविवार आणि सुट्टीचे दिवस आम्ही या कामाला दिले. या काळात चळवळीतल्या आपल्याच माणसांनी आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले. पहिला : "बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि तुम्ही शिकूनसवरून काळ्या ऑइलमध्ये हात घालून बसलात. आपल्या बापजाद्यांना हेच करावे लागले ना?" दुसरा : "बुलेट म्हणजे पाटलाची गाडी. तिचा आपल्याला एवढा सोस कशाला?"

हे दोन्ही प्रश्न टवाळीचे नाहीत. विचारणाऱ्यांच्या मनात वेदना आहे, इतिहास आहे. म्हणूनच त्यांना हसून टाळण्याऐवजी सविस्तर उत्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न आधी घेऊ. आपल्या बापजाद्यांनी हाताने काम केले, ही त्यांची गुलामी नव्हती. कोणते काम करायचे हे जन्माने ठरले होते, ते सोडण्याची मुभा नव्हती, मोबदला मागण्याचा हक्क नव्हता आणि काम करून वर विटाळ मानला जात होता. ही गुलामी होती. बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच भेद स्पष्ट केला आहे. जात ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे आणि तीही वरखाली रचलेली, असा त्यांचा मुद्दा होता. मेलेली ढोरे ओढू नका असे त्यांनी सांगितले, कारण ते काम एका जातीच्या गळ्यात बांधले होते. पण यंत्रापासून दूर राहा असे बाबासाहेबांनी कधीही सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते नेमके उलट. 1945 साली काँग्रेस आणि गांधींच्या राजकारणाची चिरफाड करणाऱ्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधावर कठोर टीका केली. माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवून विचार करायला, शिकायला फुरसत मिळवून देणारी गोष्ट म्हणजे यंत्र, आणि दोष यंत्राचा नसून त्याचा नफा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा, ही त्यांची भूमिका होती. चरख्याकडे परत चला हा उपदेश ज्यांच्या वाट्याला कधी फुरसतच आली नाही त्यांच्यासाठी किती क्रूर आहे, हे त्यांना बरोबर कळले होते.

मित्रांनो, आता दुसरी बाजू पाहा. आपल्या समाजाच्या वाट्याला कष्ट आले, पण यंत्र आले का? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण ते कोणत्या खात्यात? जिथे पगार कमी त्या खात्यात. ज्या विणकाम खात्यात जास्त मजुरी मिळे तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नाही! यंत्र विलायतेतून आले, पण त्याच्यासमोर कोण उभा राहणार हे मनुस्मृतीने ठरवले.

रेल्वेत काय होते? आमच्याच मनमाडात 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी बाबासाहेबांनी याच परिषदेत केली. ते आपण सगळे जयंतीच्या भाषणात सांगतो. पण त्याच भाषणातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का कुजतो, वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक का होत नाही, मिस्त्री आणि फोरमन तर दूरच, हा सवाल बाबासाहेबांनी तिथे केला होता. पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना 1942 साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची आणि सरकारी छापखाने, रेल्वे वर्कशॉप अशा ठिकाणी उमेदवारीची मागणी केली. म्हणजे पदवी आणि पाना यांत बाबासाहेबांनी भांडण लावले नव्हते. ते आपण लावले.

आणि कौशल्य नाकारले गेले की काय होते हे बाबासाहेबांनी स्वतःच्या शरीरावर भोगले आहे. मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चाळीसगाव आहे. 1929 साली बाबासाहेब तिथे उतरले. ते बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. पण एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. मग आपल्याच वस्तीतला एक माणूस लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. साधा टांगेवालाही अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष आपण नेहमी वाचतो. आम्ही त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. त्या दिवशी वस्तीकडे प्रेम होते, निष्ठा होती, अभिमान होता. नव्हते ते लगाम धरण्याचे कसब. ते नव्हते कारण तो धंदा त्यांना बंद होता. निष्ठा आहे पण कसब नाही, अशी अवस्था चळवळीची आजही होऊ नये, असे आम्हाला वाटते.

आता आमच्या गाडीविषयी.

ही गाडी आमच्यातल्या एका मित्राच्या दिवंगत वडिलांची. 1986 चे मॉडेल. ते सरकारी खात्यात चतुर्थ श्रेणीत लागले आणि पुढे क्लार्क झाले. 1991 साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम उचलून ही गाडी जुनी विकत घेतली. मित्राच्या आईने, म्हणजे काकूंनी, आम्हाला त्या दिवसांविषयी सांगितले. गावी जाताना काका वेशीपाशी इंजिन बंद करायचे आणि पाटलाच्या वाड्यावरून, चावडीवरून गाडी ढकलत न्यायचे. एवढे जड धूड, उन्हात, हाताने. मागे काकू पोराला कडेवर घेऊन चालायच्या. वस्तीत पोहोचल्यावर पुन्हा किक. दोन वर्षे असे चालले. तिसऱ्या वर्षी भीमजयंतीला काकांनी इंजिन बंद केले नाही. चावडीवर लोक बसले होते. कुणी काही बोलले नाही, पण त्या रात्री वस्तीतल्या आठ-दहा जणांनी जागून काढली. काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी त्या गाडीला गाडी म्हटलं नाही रे. आपला आवाज म्हणायचे मी तिला."

काका गेल्यावर ती गाडी चौदा वर्षे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. भंगारवाला वजनावर भाव करून गेला. काकूंनी दिली नाही. मित्राने आम्हाला हाक मारली आणि काम सुरू झाले.

सर्वांत आधी आम्ही पाना नव्हे, कागद हातात घेतला. मूळ मालक हयात नसल्याने गाडी वारसाच्या नावावर करणे आणि मुदत संपलेली नोंदणी नव्याने करून घेणे ही दोन कामे होती. गाडी काकूंच्या नावावर करायची असे सर्वानुमते ठरले. मुलाने सुचवले, आणि आम्हाला ते योग्य वाटले. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आणि घरातली प्रत्येक मालमत्ता पुरुषाच्या नावावर ठेवायची, हे चालणार नाही.

मग गाडी खोलली. बुलेटचे हे जुने ओतीव लोखंडी इंजिन 346 सीसीचे. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळा. ही रचना इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या कंपनीची. 1950 च्या दशकात भारतीय लष्कराने या गाड्या मागवल्या आणि 1955 साली मद्रासला त्या बनवणारी कंपनी स्थापन झाली. पुढे मूळ इंग्रजी कंपनी बंद पडली, पण मद्रासच्या तिरुवोट्टियूरमध्ये तीच गाडी बनत राहिली. इंग्रजी वारशाचा एक परिणाम आम्हाला पहिल्याच दिवशी कळला. आमच्याकडचे मिलिमीटरचे पाने अनेक नटांना बसेनात. जुन्या बुलेटमध्ये इंची मापाचे नट-बोल्ट आहेत. जबरदस्तीने दुसरा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो कुठल्याच पान्याने निघत नाही.

इंची पान्यांचा संच आम्हाला मिळाला तो रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांकडून. जुन्या खाकी कापडात गुंडाळलेले, मापाप्रमाणे लावलेले पाने. 1938 साली ज्या शहरात बाबासाहेबांनी आपला माणूस मेकॅनिक का होत नाही असे विचारले, त्याच शहरात दोन पिढ्यांनी आपला माणूस पाने घेऊन उभा होता. आरक्षणाने काय दिले असे विचारणाऱ्यांनी ते खाकी कापड एकदा उघडून पाहावे. काकांनी पहिल्या दिवशी एकच नियम घातला. जो भाग निघेल तो धुऊन, डब्यात ठेवून, डब्यावर नाव आणि तारीख लिहायची. वहीत चित्र काढायचे. "पोरांनो, खोलणारे खूप असतात. लावता आले पाहिजे," एवढेच ते म्हणाले.

बोअरिंगचे काम मालेगावला केले. सिलिंडर आतून घासून लंबगोल झाला होता, म्हणून तो मोठ्या मापाला बोअर करून त्याच मापाचा नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या. तिथले मुस्लिम उस्ताद सत्तरीच्या घरातले. आमच्यातल्या दोन मुली लेथजवळ उभ्या राहून पाहू लागल्या तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि व्हर्निअर त्यांच्याच हातात दिले. म्हणाले, "पहले हाथ से देखो, फिर आँख से, फिर माप लो." गॅरेजची दुनिया आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. तिथेही पोरांना मार बसतो, पगार बुडतात. पण शिकवण्याआधी आडनाव विचारले गेले नाही, हे आम्ही नोंदवून ठेवतो. कारण त्याच महिन्यात दुसऱ्या एका शहरातल्या एका दुकानात सुट्या भागांची यादी देताना आम्हाला आडनाव विचारले गेले होते, आणि ते ऐकल्यावर "उधारी चालणार नाही" असे न विचारता सांगितले गेले होते. आम्ही उधारी मागितलीच नव्हती.

बुलेटचे इग्निशन पॉइंटवर चालते. पॉइंटमधले अंतर फीलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचे. मग टायमिंग. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या 0.8 मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत. ते ओळखायचे कसे? पॉइंटच्या मध्ये पातळ कागद धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. ज्या क्षणी कागद सुटतो तो क्षण. व्हॉल्व्हचे पुशरॉड थंड इंजिनवर असे लावायचे की वरखाली ढिले नकोत, पण बोटांनी फिरवले तर सहज फिरले पाहिजेत. हे सगळे पुस्तकातही आहे. पण कागद सुटण्याची ती जाणीव बोटांना यायला आमचे तीन रविवार गेले. ज्याला ब्राह्मणी परंपरेने 'हलके काम' म्हणून हिणवले त्यात किती गणित, किती संयम, किती निरीक्षण आहे हे आम्हाला तेव्हा समजले. ज्ञान फक्त पोथीत असते ही समजूत कुणाच्या फायद्याची आहे, याचा विचार करा.

बुलेटच्या किकची दहशत सर्वांना माहीत आहे. ती पुरुषी ताकदीची कसोटी मानली जाते. किक उलटली की पाय मोडतो म्हणतात. खरे तर ही ताकदीची गोष्टच नाही. किल्ली लावून हळू किक दाबत न्यायची, अॅमीटरचा काटा मध्यावर आला की पिस्टन वरच्या टोकाजवळ आहे असे समजायचे. डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून त्याला किंचित पुढे ढकलायचे, खटका सोडायचा, किक वर आणायची आणि मग एकच पूर्ण किक. आमच्यात ही गाडी पहिल्यांदा सुरू केली ती सर्वांत कमी वजनाच्या मुलीने. गल्लीतले लोक बघत राहिले. मर्दानगी म्हणून जे खपवले जाते त्यातले बरेचसे नुसते अज्ञान असते.

पण त्याआधी गाडीने आम्हाला दोन आठवडे दाद दिली नव्हती. किक मारून थकलो. तेव्हा शेजारच्या एका सद्गृहस्थाने नारळ फोडायला आणि लिंबू-मिरची बांधायला सांगितले. दसऱ्याला यंत्रपूजा केली नसेल म्हणून, असेही ते म्हणाले. आम्ही वही उघडली. इंजिनला चालायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल-हवेचे मिश्रण, दाब आणि योग्य वेळी ठिणगी. कार्बोरेटर साफ होता. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर दाब येत होता. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी पिवळट, मरगळलेली. मग पॉइंट तपासले, वायर तपासली आणि शेवटी कंडेन्सरपाशी पोहोचलो. तो बदलला, ठिणगी निळी झाली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्याचा मार्ग आहे. तथागतांनी शिकवलेली ही विचारपद्धती विहारात वंदनेपुरती ठेवायची की रोजच्या जगण्यात वापरायची? ज्या देशात यंत्राला हळद-कुंकू लागते आणि यंत्र चालवणाऱ्याला हाताच्या अंतरावर ठेवले जाते, त्या देशात कारण शोधण्याची सवय हीच मोठी क्रांती आहे.

आता बदलांविषयी. जुनी गाडी घेतली की आपल्या पोरांच्या मनात पहिले येते ते रंग, मोठे हँडल आणि फाडलेला सायलेन्सर. इथे आधी कायदा समजून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली ते स्पष्ट केले आहे. संविधानाचे नाव घेणाऱ्या माणसाने कायद्याला बगल देऊन फिरावे हे शोभत नाही. आणि व्यवहाराचे सांगायचे तर, आपल्या माणसाच्या गाडीचे कागद नाक्यावर जरा जास्तच बारकाईने पाहिले जातात. त्यामुळे चासी, इंजिन, काळा रंग, सायलेन्सर, सगळे मूळचेच ठेवले. नंबर प्लेटवर नंबराशिवाय काही लिहिले नाही. 'जय भीम' लिहायची जागा नंबर प्लेट नाही.

मग बदलले काय? वायरिंग संपूर्ण नवे केले आणि हेडलाइट, हॉर्न, इग्निशन यांना वेगवेगळे फ्यूज दिले, म्हणजे एक वायर जळली तर सगळी गाडी अंधारात जाणार नाही. ब्रेकचे लायनर आणि केबल नव्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पेट्या बसतील असा कॅरिअर वेल्डिंग करून घेतला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असे बऱ्याच जणांनी सुचवले. आम्ही पॉइंटच ठेवले, कारण पॉइंट रस्त्यावर पॉलिश पेपरने घासून चालू करता येतात. जे बिघडले तर आपल्याला दुरुस्त करता येत नाही, त्याचे आपण मालक नसतो, नुसते ग्राहक असतो. आणि एक छोटा बदल. मद्रासच्या कारखान्यात टाकीवर हाताने सोनेरी रेघ ओढायची पद्धत होती. आमच्या टाकीवर ती रेघ निळी आहे.

या कामात एक गोष्ट मनात सारखी येत राहिली. गाडी बंद पडली असताना टाकी चकचकीत करून देणारे खूप भेटतात. बाबासाहेबांनी समाजसुधारकांचे दोन प्रकार सांगितले होते : विधवाविवाह, बालविवाह असे उच्चवर्णीय कुटुंबातले प्रश्न हाताळणारे आणि हिंदू समाजाची रचनाच बदलू पाहणारे. पहिल्यांनी टाकीला रंग दिला. फुले-आंबेडकरांनी इंजिन खोलले आणि बिघाड कुठे आहे हे बोट ठेवून दाखवले. आज समरसतेच्या नावाने दलितांच्या घरी जेवायला जाणारे नेते पाहिले की टाकी पुसणारे फडके आठवते. मात्र ही उपमा इथेच संपते. बुलेट दुरुस्त करता येते, कारण ती माणसाला घेऊन चालण्यासाठीच बनवली होती. जातिव्यवस्था माणसाला दाबण्यासाठीच बनवली आहे. ती उत्तम चालत असते तेव्हाच सर्वांत घातक असते. तिची दुरुस्ती होत नाही, ती मोडीतच काढावी लागते.

आता दुसरा प्रश्न : पाटलाची गाडी कशाला? फेब्रुवारी 2025 मध्ये तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन तरुणाच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हे सवर्णांना खुपले, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार आहे. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा बाळगणाऱ्या दलित तरुणाचा खून झाला. टांगा, घोडा, बुलेट. शतक बदलले तरी प्रश्न तोच आहे. रस्ता कुणाचा आणि त्यावर ताठ बसून कुणी जायचे? त्यामुळे बुलेटवर बसण्याचा आपला अधिकार आम्ही कुणाच्या बापाला सोडणार नाही. वार हातांवर झाले हेही लक्षात ठेवा. व्यवस्थेला आपले हात कशासाठी हवे असतात आणि कशावर नको असतात, हे त्यातून कळते.

पण अधिकार वेगळा आणि नक्कल वेगळी. दोन लाखांच्या पुढची नवी गाडी कर्जावर घ्यायची, हप्ते भरताना आईचे दागिने मोडायचे, सायलेन्सर फोडून वस्तीतल्या आजारी म्हाताऱ्यांची झोप उडवायची, याला आम्ही स्वाभिमान म्हणणार नाही. ती पाटलाच्या पोराची नक्कल आहे, आणि त्यासाठीचे व्याज पुन्हा सावकारालाच जाते. आमच्या गाडीला सर्व मिळून सुमारे 46 हजार रुपये लागले, पाच जणांनी आठ महिन्यांत थोडे थोडे घातले. कर्ज शून्य. आणि पाच जणांना इंजिन कळले, ते कोणत्याही हप्त्यात मिळत नाही.

13 ऑक्टोबरला आम्ही येवल्याला गेलो. 1935 साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मनमाडपासून येवला फार लांब नाही. काकू मागे बसल्या होत्या, पेट्यांमध्ये पुस्तके होती. वाटेत एका नाक्यावर गाडी अडवली. पहिला प्रश्न परवान्याचा नव्हता. "गाडी कुणाची आणली रे?" असा होता. मित्राने काही बोलण्याआधी काकू उतरल्या आणि पर्समधून आरसी काढून पुढे धरली. "माझी आहे," म्हणाल्या. एवढेच. पुढचा रस्ता त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण मुक्तिभूमीवर पोहोचल्यावर त्यांनी गाडी लगेच बंद करू दिली नाही. "थोडी चालू राहू दे," म्हणाल्या.

आता ती गाडी दर रविवारी पुस्तकांच्या पेट्या घेऊन आसपासच्या वस्त्यांत जाते. एका पेटीत वाचनाची पुस्तके असतात, दुसऱ्या पेटीत पाने, फीलर गेज, प्लग आणि पॉलिश पेपर. मुले आधी दुसऱ्या पेटीभोवती जमतात. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. गाडी बघायला आलेला मुलगा जाताना पुस्तक नेतो, हे आम्ही पाहिले आहे.

मित्रांनो, हा छंदाचा लेख नाही. 2013 साली हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, तरी गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये आपली माणसे अजून गुदमरून मरतात. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला गटार साफ करणारे यंत्र बनवता येत नाही का? येते. पण जिथे मरणारा ठरलेल्या जातीचा असतो तिथे यंत्राची गरज कुणाला वाटत नाही. यंत्र कुठे येणार आणि कुठे येणार नाही हे जात ठरवते. दुसरीकडे वर्कशॉपमधली कायम पदे कमी होत चालली आहेत, तीच कामे कंत्राटावर जात आहेत आणि कंत्राटात आरक्षण नाही. ज्या फिटर काकांनी आम्हाला पाने दिले त्यांच्या जागेवर आपल्या मुलाला उमेदवारीही मिळेल याची खात्री उरलेली नाही. यावर भाषणे आपण करतोच. पण यंत्राची भाषा येणारी माणसे चळवळीत नसतील तर हा लढा आपण कोणत्या तपशिलाने लढणार?

म्हणून आमचे आवाहन साधे आहे. प्रत्येक वस्तीत अभ्यासिकेशेजारी एक टेबल हत्यारांचे असू द्या. निवृत्त फिटर, टर्नर, वायरमन, लोको पायलट आपल्या गल्लीतच आहेत. जयंतीला त्यांचा शाल देऊन सत्कार करता, त्यापेक्षा महिन्यातून दोन रविवार त्यांच्याकडे शिकायला बसा. मुलींना त्यात बरोबरीने घ्या, चहा करायला नव्हे, पाना धरायला. बंद पडलेली गाडी, पंप, मिक्सर, काहीही चालेल. खोला, मापा, वहीत लिहा, पुन्हा लावा. यूपीएससीचा अभ्यास सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कलेक्टर व्हा, वकील व्हा, प्राध्यापक व्हा. पण हाताने काम करणाऱ्या आपल्याच माणसाकडे खाली पाहणारा कलेक्टर होऊ नका. तशी माणसे या व्यवस्थेकडे आधीच भरपूर आहेत.

शिक्षण म्हणजे फक्त खुर्ची नव्हे. ज्या ज्या गोष्टीला हात लावायला आपल्याला मनाई होती, त्या त्या गोष्टीला समजून, मापून, अधिकाराने हात लावणे म्हणजे शिक्षण. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या हातांचे आपण वारस आहोत. त्या हातांना ग्रीस लागले म्हणून ते मळत नाहीत.

जय भीम!